आवाज बंद करून पाहिलेला नाग

मंडळी, एक विचारतो. खरं सांगा हां, देवळात बसलाय! माणूस शिकतो तो ऐकून का बघून? ऐकून म्हणताय? मग मी पाच वर्षं इथं येऊन कीर्तनातून बोलतोय, गावातली एक तरी तंबाखू सुटली का? हसू नका आबा, तुमच्याच खिशाकडं बघून विचारतोय!

तर ऐका. आमच्या भागात हणमंत गेजगे म्हणून एक सर्पमित्र. कुणाच्या घरात साप निघाला की फोन हणमंताला! आणि मोबाईलवर त्याचं व्हिडिओचं पान. वीस हजार माणसं बघणारी! हणमंत काय करायचा? नागाची शेपूट धरून उचलायची, फण्यापुढं रिकामा हात नाचवायचा, आणि शेवटी... मागून फण्यावर ओठ टेकवायचे! मुका! अहो, बायकोशी दोन शब्द गोड बोलला नाही कधी, आणि नागाचा मुका!

पण माणूस वाईट नव्हता. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला घसा खाकरून सांगायचा, "मित्रांनो, हे कुणीही करू नका. जीव जाईल." दर वेळी सांगायचा! एकदाही विसरला नाही.

आणि एका सकाळी फोन आला. दूध डेअरीवरच्या सदबा लवटेला नाग चावला. कुठं? उजव्या हाताला. कसा काय? शेपूट धरून उचलायला गेला!

हणमंत तालुक्याच्या दवाखान्यात धावला. धावला, पण तापून! "एवढं बोंबलून सांगतो, तरी ह्या शहाण्यानं हात घातलाच कसा?" आत बघतो तर सदबाचा हात कोपरापर्यंत सुजलेला, पापण्या उघडत नाहीत, श्वास यंत्रावर. डॉक्टरांनी विषावरची लस दिलेली. बाहेर पायरीवर सदबाची बायको, ताराक्का. ती भांडली नाही हो. नुसती म्हणाली, "दादा, तुमचा लई नाद त्यास्नी. रोज बघायचं. जेवताना सुदिक."

आता सांगा, ह्याच्यापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या का नाही?

तीन दिवस हणमंत त्या पायरीवरून हलला नाही. डोक्यात एकच किडा. मी सांगितलं, त्यानं ऐकलं, मग केलं का? चौथ्या दिवशी घशातली नळी निघाली, सदबा बोलायला लागला. आणि हणमंतानं पहिलं काय विचारलं? "सदबा, मी काय सांगतो सुरुवातीला? ऐकलं नाहीस?"

सदबा गोंधळला. "काय सांगता भाऊ?"

"अरे, करू नका म्हणून सांगतो की!"

"आवो, मी डेअरीत बघतो. त्या मशीनचा आवाज केवढा! काय ऐकू येतंय? मी आवाज बंदच ठेवतो. नुसते तुमचे हात बघतो."

नुसते हात!

मंडळी, हणमंत बाहेर आला, बाकड्यावर बसला, आणि स्वतःचाच व्हिडिओ लावला. आवाज बंद करून. काय दिसलं? एक माणूस हसतोय. नागाला खेळवतोय. मजा चाललीय नुसती! जीव जाईल, असं त्यात कुठंच दिसत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा हणमंतानं हणमंताला बघितलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

त्या दिवशी जुने सगळे व्हिडिओ पुसले. पुढचा साप निघाला तेव्हा काय केलं? आधी वनखात्याला फोन. मग पायांत गुडघ्यापर्यंत बूट, हातात लांब काठीचा हुक, जमिनीवर एक पाईप, पाईपच्या दुसऱ्या तोंडाला कापडी पिशवी बांधलेली. माणसं लांब उभी केली आणि स्वतः गप्प राहिला. नागाला काय हवं असतं? अंधार! हुकानं जरा वाट दाखवली, तो आपला आपण पाईपमधून पिशवीत गेला. संपलं. व्हिडिओत एक शब्द नाही.

लोक काय म्हणाले? "भाऊ घाबरला!" "भाऊ म्हातारा झाला!" निम्मी माणसं पान सोडून गेली. हणमंताला वाईट वाटलं का? लई वाटलं! कौतुकाची सवय हो, सुटता सुटत नाही. एकदा तर भरल्या अंगणात पोरं ओरडली, "भाऊ, एकच मुका!" आणि हात गेला की पुढं! गेला... मग ती पायरी आठवली, ताराक्का आठवली. हात मागं आला.

चार महिन्यांनी डेअरीवरच्या कुणीतरी काढलेला सदबाचा व्हिडिओ आला. ह्याचं एक बोट अजून वाकत नाही. हणमंताला वाटलं, ह्यानं परत हात घातला! लावला, तर डेअरीच्या कोपऱ्यात कॅनमागं नाग. आणि सदबा? दहा पावलं लांब, दोन्ही हात पसरून, दूध घालायला आलेल्यांना मागं रेटत उभा. नजर नागावर. मग फोन काढला, कानाला लावला. पुन्हा हात पसरून उभा. बस्स, एवढंच! काही घडतच नाही त्यात. हणमंतानं बूट चढवता चढवता तो तीनदा बघितला आणि हमसून हमसून रडला. मग पिशवी घेतली आणि निघाला, कारण व्हिडिओतला तो फोन त्यालाच आला होता!

आता मंडळी, तुमच्याकडं येतो. घरात तुम्ही चांगलंच सांगता. खोटं बोलू नका, भांडू नका. पण बघणाऱ्यानं आवाज बंद केलेला असला तर? तुमचे हात काय सांगतात?

आणि मी तरी कोण मोठा लागून गेलोय? मघाशी चहाला उशीर झाला म्हणून स्वयंपाक करणाऱ्या मामांवर हात उगारला मी. त्या खांबापाशी ताई मोबाईल धरून उभ्या होत्या. ताई, ते व्हिडिओत उतरलं असलं तर पुसू नका. मलाच पाठवा. आवाज बंद करून बघतो. आणि मामा, तुम्ही असे पुढं या, सगळ्यांसमोर मला तुमच्या पाया पडू द्या.

म्हणा आता, रामकृष्णहरी! आणि म्हणताना आपापले हात कुठं आहेत, तेवढं बघा.