मिस्त्रींच्या अंगणातले लाकडी वाफे

जबाब देणार: गल्लीत शिलाईताई म्हणून परिचित, वय ५९, धंदा शिवणकाम, राहणार मयत मिस्त्री यांच्या घरालगत.

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, मी वरील ठिकाणी मुलगा व सून यांच्यासह राहते. पती हयात नाहीत. अपघातानंतर माझे पाय गेल्याने मी चाकाच्या खुर्चीत असते. शिलाई मशीन हाताने चालवते.

शेजारचे मिस्त्री सुतारकाम करीत. लग्न केले नव्हते. काम सोडल्यावर त्यांनी मागच्या अंगणात फळ्यांचे उंच वाफे उभे केले. ते पायांवर टेबलासारखे असून खाली मोकळी जागा होती, त्यामुळे माझी खुर्ची आत जाई व हात मातीला पोचत. मिस्त्री अंगाने उंच असल्याने त्यांना तेथे वाकून काम करावे लागे. पाठ धरली की मी म्हणे, फळ्या वर घ्या. ते म्हणत, "जन्मभर गिऱ्हाइकांपुढे वाकलो, आता मेथीपुढे वाकतो." दोन्ही अंगणांमधल्या कुंपणाला त्यांनीच फाटक बसवले होते. आम्ही मेथी, पालक, टोमॅटो, पुदिना लावत होतो. मी दुपारी मशीन झाकून जात असे. संध्याकाळी सून हाक मारी, तेव्हा परत येत असे.

गेल्या महिन्यात मिस्त्रींच्या छातीत दुखू लागले. दवाखान्याच्या गाडीत चढवताना त्यांनी फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली व म्हणाले, "पाणी चुकवू नका." ते परत आले नाहीत. दवाखान्यात फक्त नातेवाइकांना सोडत होते. मी गेले नाही. अंत्यविधी त्यांच्या पुतण्याने केला, त्या वेळीही मी गेले नाही. त्यानंतर मी रोज वाफ्यांना पाणी घातले. भाजी काढली नाही. मेथी जून होऊन फुलावर आली.

काल सकाळी मी पुदिना खुरपत असताना पुतण्या दोन मजूर घेऊन आला. घर विकायचे असल्याने अंगण मोकळे करणार, असे त्याने सांगितले. मजुरांनी फळ्या उचकटायला सुरुवात केली. माती माझ्या चाकांवर पडली. पुदिन्याचा वाफा तेवढा ठेवा, अशी मी विनंती केली. पुतण्या म्हणाला, काकू, तुम्हाला बाजारातून जुडी आणून देतो. मी बाजूला झाले नाही. त्याने माझी खुर्ची मागे ओढली. तेव्हा मी हातातले खुरपे त्याच्या मनगटावर मारले, हे खरे आहे. रक्त आले, तेही खरे आहे. मजुरांनी मला काही केले नाही. त्यांपैकी एकाने मला पाणी दिले.

त्याच्या जखमेचे मला वाईट वाटते. मुलगा औषधपाण्याचा खर्च देण्यास तयार आहे. वाफे आता राहिलेले नाहीत.

आज ठाण्यात पुतण्या स्वतः माझ्याजवळ येऊन बसला. मनगटाला पट्टी होती. तो हळू आवाजात म्हणाला, "काकांनी शेवटी दोनदा विचारलं, ती आली का म्हणून. मला वाटलं, भ्रमात बोलतायत. काकू, तुम्ही त्यांच्या कोण होतात ते सांगा. मी तक्रार मागे घेतो, आणि फळ्याही परत बसवून देतो."

त्या वेळी माझा मुलगा दारात उभा होता.

मी सांगितले, "शेजारीण."

साहेबांनी तेच विचारले असता तेच सांगितले. तसेच लिहावे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, मी तो ऐकला, माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. काही वाढवायचे आहे का, असे विचारले. नाही म्हणाले व सही केली.