पैला मान दादाचा

आमी मूळचे मिठागरातले, उरनकडचे, आजानं मीठ पिकवलं, बापानं पिकवलं, मी पन पोरपनी बापाच्या हाताखाली राबलो, आन मिठाचं कसं हाय, खाडीचं पानी आत घ्यायचं आन बसायचं, मीठ धरंल का मधीच पाऊस येऊन सगळं पान्यात जाईल ते आपल्या हातात नाय. तीच वाट बघत बसायची खोड मला पत्त्यात नडली, काय सांगू तुमाला.

नंतर आमी पनवेलला आलो, तीन भाव एका अंगणात, मी मोठा, मधला रामा, धाकटा बाळ्या. रविवारी मच्छी-भात झाला की पत्ते, चिंचोक्यांवर, पैशाचं नाव नाय. आधी तीनपत्ती असायची, मग आमची सून केतकी, ती पुन्याची, तिनं पोकर आनला. दोन पानं हातात, पाच पानं मधी, ती थोडी थोडी उघडायची आन दर वक्ताला चिंचोके लावायचे. ती बोललेली, पैली बारी फिरती असते, पन भाव बोलले, दादा असताना आमी आधी कसं बोलनार? आमच्यात हळद असो, नारळ असो, पैला मान दादाचा. ती नवीन, तिनं पानं वाटायला घेतली.

एका रंगाची पाच पानं जमली की डाव भारी. माझं काय व्हायचं, हातात दोन इस्पिक, खाली दोन इस्पिक, की मी बसलोच पाचव्याची वाट बघत. मी चार चिंचोके लावायचे, मागून बाळ्यानं डबल करायचे, मग नुसती वाट बघायची तरी भरा अजून. आन इस्पिक आलंच तर मी खूश होऊन मूठभर लावनार, ते बघून दोघं पत्ते टाकून डाव सोडनार. जल्लं माझं नशीब, पान येऊन पन पदरात काय नाय. दोघं हसायचे, मी पन हसायचो.

एकदा केतकीला राहवलं नाय. बोलली, बाबा, या खेळात आधी बोलणं म्हणजे मान नाही, तोटा आहे, तुम्ही बोलता तेव्हा कोणाच्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीतच नसतं, आणि अर्धाच जमलेला डाव हातात घेऊन तर पहिलं बोलूच नये. मी बोललो, पोरी, हे तू आता सांगतेस?

मग बिल्डर आला. अंगणासकट घर द्या, इथं बिल्डिंग होईल, फ्लॅट इथं घ्या नायतर माझ्या कळंबोलीच्या बिल्डिंगीत घ्या. माझ्या मनात आलं, बाळ्या तळोज्याला कंपनीत शिफ्टवर जातो, कळंबोली त्याला जवळ पडंल, त्याची बायको इतकी वर्षं आमच्या सगळ्यांच्या चुलीशी, कंटाळली असंल, मोकळं करावं त्यांना. ज्याला जिथं बरं तिथं त्यानं घ्यावं, असं मी बोलनार होतो. आन मी बोललो असतो तर दोघांनी मान हलवली असती, तिथंच आमचं घर फुटलं असतं, कोनाच्याच मनात नसताना.

बिल्डरला काय सांगायचं त्या बोलनीला घरात बसलो, सगळे माझ्या तोंडाकडं. शब्द जिभेवर आलेला, आन मला ते इस्पिक आठवलं. मला तरी कुठं माहीत हाय यांच्या मनातलं, मी आपला अंदाजानं बसलोय. मी बोललो, बाळ्या, आज तू बोल आधी.

तो गडबडला. केस पिकले त्याचे, पन माझ्या आधी कधी बोलला नव्हता. खाली बघत बोलला, दादा, बिल्डिंग होऊ दे, पन आपली तिन्ही दारं एका मजल्यावर पायजेत, मला वायलं नाय राहायचं. रामा बोलला, माझं पन तेच. माझी बारी आली तवा मी मान हलवली.

आता तिसऱ्या मजल्यावर तिन्ही दारं समोरासमोर हायत, चपला कोनाच्या कोनाला कळत नाय. रविवारी मधल्या जागेत चटई पडते, बारी फिरती असते. इस्पिकाची वाट मी अजून बघतो, अजून हरतो, पन मजेत हरतो. तुमाला भाऊ हाय का? असंल तर देव त्याला सुखात ठेवो, आन कधीतरी त्याला आधी बोलू द्या.