आईची चिमट्यांची दोरी

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिक्षिकाबाईंना आपला ठणका जरा विसरायला झाला. शेजारच्या बाकावर बापलेक बोलत होते. लेकीनं मोबाइल पुढे धरला होता.

“बाबा, माझ्या कामांसाठी हे ॲप बघा. नवी कामं, चालू कामं, झालेली कामं. काम शेवटच्या रकान्यात सरकवलं की बिल आपोआप जातं.”

“म्हणजे तुझ्या आईची दोरीच की!”

“कुठली?”

“मी पाट्या रंगवायचो तेव्हाची, स्वयंपाकघरातली. प्रत्येक गिऱ्हाइकाची चिठ्ठी चिमट्याला. काम पुढे गेलं की चिमटा खिडकीकडे. खिडकीशी पोचला की ती बिल लिहायला बसायची.”

“आणि त्याच दोरीवर माझे मोजे!”

“वकिलांच्या बिलाबरोबर एक गेला होता ना. तो परत द्यायला वकील स्वतः आले आणि आणखी एक पाटी सांगून गेले.”

“आहे अजून ती दोरी?”

“आहे. आई गेल्यापासून एक चिमटा हलला नाही.”

वडिलांनी तिच्या हातातला मोबाइल जवळ ओढला.

“हे ॲप केवढ्याला?”

“एकट्याला फुकट. दोघं असली तर पैसे पडतात.”

“मग दोघांचं घे.”

“दुसरं कोण आहे, बाबा?”

“मी आहे ना. तू कामं कर. सरकवायचं मी बघतो.”