तीन पायऱ्यांचा कठडा

...आणि वर हिचं म्हणणं काय, तर 'तुम्ही नुसते बोलता, करत काहीच नाही!' मी? मी करत नाही? अहो, तुम्हाला सांगतो, त्या सात दिवसांत मी जेवढं केलं ना, तेवढं नोकरीच्या छत्तीस वर्षांत केलं नव्हतं! आवक-जावक विभागात होतो. कागद आला की नोंद, गेला की नोंद. मधल्या काळात त्याचं काय होतं ते वरच्यांना ठाऊक... बहुधा त्यांनाही नाही.

तर झालं असं, हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आठ दिवसांचा मुक्काम. निघताना ही दारातल्या तीन पायऱ्यांवर थांबली. गेल्या वर्षी इथेच घसरली होती. म्हणाली, "अहो, मला फुलं नकोत, फळं नकोत. मी परत येईन तेव्हा इथे धरायला एक कठडा असू द्या. नाहीतर घरात येणार कशी मी?"

म्हटलं, "झालाच समज!" कारण माझा स्वभावच तसा, एकदा मनावर घेतलं की घेतलं!

त्याच दुपारी फाईल उघडली. 'विषय : दर्शनी पायऱ्यांना कठडा बसवण्याबाबत.' कोरी करकरीत फाईल, पानांना क्रमांक, वर नाडी... अर्धं काम तिथेच झालं की हो! आता प्रश्न, उंची किती? लोक काय, अंदाजपंचे बसवतात. आपल्याला तसलं चालत नाही. कठडा हिच्यासाठी, तर हिच्या कोपराची उंची नको? टेप खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल गाठलं. ही पलंगावर, पाय हा एवढा गुंडाळलेला. म्हटलं, "जरा उभी राहतेस? दोनच मिनिटं."

नर्स धावत आली, "आजोबा! आज सकाळीच ऑपरेशन झालंय त्यांचं!"

"बरं, मग आडवीच मोजतो."

मोजली! टाचेपासून कोपरापर्यंत, पलंगावर ओणवा होऊन. शेजारच्या पलंगावरच्या बाई हिला हळूच विचारतात, "शिंपी आहेत का हो?" ही म्हणाली, "नाही, नवरा आहे," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

घरी आलो तर नवा पेच. माप निघालं अनवाणी पायाचं! पायऱ्या चढताना पायात चप्पल असणार. मग चपलेची जाडी धरायची की नाही? फाईलवर लिहिलं, 'चपलेबाबत निर्णय व्हावा.' आणि पाठवली कोणाकडे? माझ्याकडेच! आता साहेबही मीच ना! मी ती नीट वाचली आणि शेरा मारला, 'पूर्वीचे दाखले जोडून फेरसादर करावे.' छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे शेरे झेलले हो... स्वतःचा शेरा झेलताना काय गार वाटलं म्हणून सांगू!

मग दाखले हुडकायला वाचनालय. जिन्यांवर एक जाडजूड पुस्तक मिळालं. जिन्यांवरून गेलो दीपगृहांवर, दीपगृहांवरून समुद्रावर, समुद्रावरून देवमाशावर... देवमासा झोपतो कसा, माहीत आहे? अर्धा मेंदू जागा ठेवून म्हणे! आमच्या विभागात सगळ्यांना जमायचं ते. दोन दिवस गेले, पण वाया नाहीत हं, अकरा पानं टिपणं काढली, फाईलला पुरवणी म्हणून जोडली. एकदा मनावर घेतलं की घेतलं!

पाचव्या दिवशी वेल्डर दारात. पाइप खांद्यावर, ड्रिल हातात. "काका, काकूंनी जायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. चार भोकं मारायची, अर्ध्या तासाचं काम. करू सुरू?"

सुरू? असं कसं सुरू? चपलेचा निर्णय व्हायचाय! म्हटलं, "फाईल पुरी झाली की कळवतो."

"भोकं भिंतीला मारायचीत काका, फाईलला नाही." मी फाईलची नाडी आवळली. "बघा हं, उद्यापासून मी बाहेरगावी. आठ दिवस नाही यायचा."

"खुशाल जा," म्हटलं. घाई केली की माणसाचं लक्ष उडतं!

सातवा दिवस, सकाळ. खोटं नाही सांगत, मंजुरीची सही करायला पेन उघडलं होतं... आणि मुलीचा फोन! "बाबा, आईला एक दिवस आधीच सोडलंय. वाटेतच आहोत आम्ही."

धावत वेल्डरच्या दुकानी गेलो, कुलूप. धावत परत आलो, फाटकाशी गाडी उभी! मुलीच्या आधाराने ही उतरली. हातात काठी.

"कठडा?"

"मंजूर झाला!"

"आहे कुठे?"

मी फाईल पुढे केली.

ओरडली असती तर बरं झालं असतं हो... ओरडली नाही. काठी पहिल्या पायरीवर टेकवून बघितली, ती सटकली, तशी मागे घेतली. मग काय झालं कोण जाणे, मी फाईल मुलीच्या हातात कोंबली, पायऱ्यांच्या कडेला जाऊन उभा राहिलो, हात आडवा धरला. "धर."

"हलाल तुम्ही."

"नाही हलत."

एक पायरी... थांबली. दुसरी... तिची नखं माझ्या दंडात रुतली, नाकावर माशी येऊन बसली, पण हललो नाही! तिसरी... आणि आत! देवमासा? आठवलासुद्धा नाही! बघा, म्हणजे एकदा मनावर घेतलं की... जाऊ दे.

आता व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय, याच पायऱ्या रोज सकाळी दहा वेळा आणि संध्याकाळी दहा वेळा. म्हणजे मीही दहा अधिक दहा. हिचा एकच घोष, "हलू नका!"

काल संध्याकाळी असाच उभा होतो, ही दुसऱ्या पायरीवर, आणि वेल्डर हजर! "काकू, कठडा बसवायचा राहिलाय ना?"

"बसवलाय की," ही म्हणाली, हात न सोडता.

त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं. म्हणाला, "रंग द्यायचा राहिलाय."

म्हटलं, "दे बाबा. पण आहे तिथेच दे... मला हलायची परवानगी नाही."