कमळामावशींची लख्ख वाळू

हसू नका, पण पाणी शुद्ध करायला कॉलेजात शिकवणाऱ्या माझाच वाळूचा फिल्टर वैशाखरे गावात पाण्याच्या तपासणीत तीनदा नापास झाला. सरपंच म्हणाले, "सर, आता घेऊन जा." मी म्हटलं, "पास केल्याशिवाय हलवणार नाही."

वाळूवर हिरवट साय धरावी लागते, त्यातले जंतूच पाणी साफ करतात. ती धरतच नव्हती. चौथ्यांदा न कळवता मुरबाडहून जीप पकडली. बघतो तर जाडजूड साय! तेवढ्यात फिल्टर सांभाळणाऱ्या कमळामावशी घमेलं घेऊन धावत आल्या.

"सांगून यायचं ना, सर! तुमी येनार म्हटलं की आदल्या दिवशी वाळू घासून धुते मी."

त्या दिवशीचा पाण्याचा नमुना पास झाला. आता मावशी वाळूला हात लावत नाहीत. मी येणार असलो, की फिल्टरच्या टाकीवर चादर घालतात.

"पावन्याला घान कशी दाखवायची, सर?"