खुंट्यांच्या आत

ऐका. मला वाटलं होतं, आपला माळ रिकामा आहे. दिल्लीला पाच वर्षं नगररचना शिकले, तेव्हा नकाशावर गाव उघडलं की माळाच्या जागी नुसतं पांढरं दिसायचं. मी त्यावर लिहून टाकलं, ‘पडीक’. तिथं शाळा होईल, दवाखाना होईल, सव्वाशे घरं होतील! आणि तिथं मला सापडलं काय? सांगते. आधी ते दार ओढून घ्या.

दिवेलागण टळून गेली होती. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत माझा आराखडा मंजूर व्हायचा होता. तीन दिवस खपून मी माळावर प्लॉटांच्या खुंट्या ठोकल्या होत्या. चार राहिल्या होत्या. पिशवी आणि हातोडा घेऊन निघाले. ही मैनाकाकी, इथंच बसलीय बघा, हिनं हटकलं.

“कुठं गं?”

“माळावर. चार खुंट्या राहिल्यात.”

“आत्ता? अगं, तिथं म्हातारा मेंढरं बसवतो.”

“कोण म्हातारा?”

“धनगर. मरून वीस वर्सं झाली त्येला.”

मी हसले. काकी म्हणाली, “हास. लई शिकलीस, हास.”

तीन खुंट्या बसल्या. चौथीवर हातोडा मारला आणि मागं घंटा वाजली. किण. एकच. मोबाइलचा उजेड फिरवला. दगड, कुसळी, बाकी काही नाही. पुन्हा किण. मग ओल्या लोकरीचा वास आला. पाऊस तर महिनाभर नव्हता!

मी घराकडं वळले. गावातले दिवे समोर दिसत होते. सरळ चालले, तर पुढ्यात माझीच खुंटी, नंबर चाळीस. डावीकडं गेले. चाळीस. दिव्यांवर नजर ठेवून पळाले. चाळीस! चकवा म्हणाल तुम्ही. मीही म्हणाले, पण मनात.

आणि तो दिसला. अंगावर घोंगडं, हातात काठी. माझ्याकडं बघतही नव्हता. मेंढरं कोंडायची ती जाळी असते ना, वाघूर, ती माझ्या खुंट्यांना बांधत चालला होता. एक खुंटी, दुसरी खुंटी. चारी बाजूंनी.

“ब्येस मेखा ठोकल्यास, लेकी,” तो म्हणाला. “माजं काम वाचलं.”

माझ्या गुडघ्यांना काहीतरी ऊबदार घासून गेलं. मग दुसरं. दिसत काही नव्हतं, पण भोवती सगळा कळप श्वास घेत होता. म्हातारा काठीनं मोजू लागला.

“एकशे एक. एक जास्त भरतंय.”

पुन्हा मोजलं. जाळी जवळ सरकली. तिसऱ्यांदा मोजलं आणि काठी माझ्या डोक्यावर टेकली. बर्फासारखी गार.

“ह्ये आपलं न्हवं,” तो म्हणाला. “पर खुंट्यांच्या आत हाय म्हंजी आपलंच.”

“बाबा, मला जाऊ द्या!”

“जा की. कुठनं जाशील? वाट ठिवलीस का?”

ऐकताय ना? वाट! सव्वाशे प्लॉट आखले होते मी, शेवटच्या इंचापर्यंत. माणसांना रस्ते दिले होते. मेंढरांना एकही वाट नव्हती.

जाळी छातीला लागली. मी चाळीस नंबरची खुंटी धरली. तीन दिवसांची मेहनत हो, तरी उपटली! जाळीचा कोपरा पडला. अख्खा कळप मला तुडवत बाहेर धावला आणि त्यांच्याबरोबर मी. थांबले ती थेट काकीच्या ओट्यावर.

हे बघा हात. जाळीचे वळ अजून गेले नाहीत. काळोख पडला की माळाकडं जाऊ नका. कुणीच नका.

सकाळी ग्रामसभेत सरपंच म्हणाले, “ताई, लावा नकाशा भिंतीला.”

मी गुंडाळी सोडली नाही.

“काय झालं? भुताला भ्यालीस व्हय?” मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

“हो, भ्याले,” मी म्हणाले. “दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन इथून जातात. ती कुठून येतात, कुठं बसतात, कुठून उतरतात, ते मी त्यांच्याबरोबर चालून बघणार आहे. तोवर या माळावर एकही रेघ ओढणार नाही. आज जाऊन सगळ्या खुंट्या उपटते. कोण येतंय?”