सर्चमध्ये पहिला नंबर

नाही, पण तुम्ही मला सांगा, माणसाने आपण लिहिलेला लेख जागेवर आहे की नाही एवढं बघितलं तर तो काय गुन्हा झाला? घरातून निघताना कुलूप ओढून बघतो ना आपण? मी तर दोनदा बघतो, जिना उतरल्यावर परत वर जाऊन तिसऱ्यांदा बघतो, त्याबद्दल कुणी मिटिंग घेत नाही! आणि इथे एका लेखापायी सगळी कंपनी माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी कॅन्टीनच्या वरणात पाल सोडली... बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायला लागली हो! चाकणच्या कंपनी-बसमध्ये! जिथे माणसं अनोळखी खांद्यावर डोकं टेकून घोरतात!

तर तुम्हाला सांगतो, पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही म्हणाल म्हातारं चळलं. मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक. होतो. डॉक्टरेट आहे, खरी आहे, अधूनमधून प्रमाणपत्र काढून मी खात्री करतो. निवृत्त झालो, चिंचवडच्या फ्लॅटमध्ये बसलो, आणि विमलने, म्हणजे आमच्या बायकोने, थोड्याच दिवसांत जाहीर केलं, "अहो, तुम्ही घरात असलात की घर लहान होतं." तेवढ्यात भीमराज भेटला. माझा जुना विद्यार्थी, चाकणला ब्रेकचे पाइप बनवायची कंपनी आहे त्याची. म्हणाला, "सर, आमच्या पोर्टलवर लिहा." पोर्टल म्हणजे कंपनीतल्या लोकांपुरती वेबसाइट. त्यावर सुट्टीचे नियम, पगाराची स्लिप, बसच्या वेळा, आणि एका कोपऱ्यात 'ज्ञानविभाग'. तो कोपरा माझा. एक टेबल, एक खुर्ची, बसचा पास, येता-जाता कुणीतरी "नमस्कार सर" म्हणणार... ह्या वयात माणसाला आणखी काय लागतं हो?

मी लेख लिहिला. 'विचलन: एक चिंतन'. एकाच मशीनवर केलेला प्रत्येक पाइप दुसऱ्यापेक्षा केसभर वेगळा का होतो, ह्यावर. चांगला होता. बहुतेक चांगला होता. विमल म्हणाली, अक्षर सुरेख आहे. टाइप केलेला होता.

आणि मग पोर्टल सुधारायला स्वरूपा आली. हुशार मुलगी, तिची काही चूक नाही, चूक असलीच तर माझीच असणार. म्हणाली, "सर, लोक सर्चमध्ये जे काही टाकतात ते मागे नोंदलं जातं. काय शोधलं, काय सापडलं, काय नाही सापडलं. मागणी असेल ते पान वर आणायचं, कुणी शोधतच नाही ते काढून टाकायचं." मी म्हटलं, वा! शास्त्रीय! सगळ्यांत आधी टाळी मीच वाजवली! पडद्यावर रिपोर्ट आला: बस, कॅन्टीन, ओव्हरटाइम, सुट्टी... मी खाली बघतोय, आणखी खाली बघतोय... विचलन? शून्य! भीमराज टेबलाकडे बघत म्हणाला, "सर, असंच राहिलं तर ज्ञानविभाग मार्चअखेर बंद करावा लागेल. तुम्हीच शिकवलंत ना, आकडा खोटं बोलत नाही." शिकवलं होतं! आयुष्यभर फळ्यावर तेच तर लिहिलं होतं!

आता मला सांगा, झोप लागेल? मनात आलं, कुणाला सापडतच नसेल म्हणून कुणी वाचत नसेल! सकाळी गेल्या गेल्या सर्चमध्ये टाकलं, 'विचलन'. सापडला. बरं वाटलं. चहा घेऊन आलो, परत टाकलं. होता. जेवायच्या आधी एकदा, निघताना एकदा... मग शंका आली, हा माझ्याच कॉम्प्युटरवर दिसत असेल तर? माझी भीड धरत असेल तर? मी संख्याशास्त्राचा माणूस, एका नमुन्यावर कसा विश्वास ठेवू? म्हणून स्टोअर्समध्ये गेलो, तिथे टाकलं. क्वालिटीत टाकलं. कामगारांसाठी लाइनजवळ एक कॉम्प्युटर ठेवलाय, त्यावर टाकलं. गेटवरच्या वॉचमनला म्हटलं, "जरा सरका, पाहुण्यांचं नाव बघायचंय." तिथेही टाकलं. रोज! विमलला कळलं तर म्हणते, "घरात तुम्हाला चष्मा सापडत नाही, आणि तिथे स्वतःला शोधत हिंडताय?"

पुढचा रिपोर्ट आला. पहिला नंबर... विचलन!

स्वरूपा नाचायचीच राहिली होती. "सर, सगळ्या विभागांतून मागणी आहे! स्टोअर्समधून, शॉप फ्लोअरवरून, अहो, गेटवरून सुद्धा!" त्या सगळ्या कॉम्प्युटरवर कुणाचं नाव पडत नाही हो, ते सगळ्यांचे! मी उठलो, म्हटलं, "ह्या नमुन्यात थोडा दोष..." भीमराजचे डोळे भरून आले होते. "सर, आकडा खोटं बोलत नाही!" आणि मी बसलो. का बसलो? कारण मला वाटलं, सगळे काही मीच नसेन... दोन-चार तरी दुसरे असतील... वॉचमनने एखाद्या वेळी कुतूहलाने...

मग जे सुरू झालं! पहिल्या पानावर माझा लेख. कॅन्टीनच्या टीव्हीवर माझा लेख. शिफ्टच्या सुरुवातीला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, आणि वाचणार कोण, तर गेनबा, लाइनचा सुपरवायझर, चाकणच्या शेजारच्या गावचा, पहाडी आवाज! आणि वर कहर म्हणजे, सर्चमध्ये काहीही शोधा, सगळ्यांत वर लेख माझाच! गेनबाने मला बसमध्येच गाठलं. "सर, आमी बस हुडकतोय, आन् दर टायमाला तुमीच निघताय! काय, डायवर हाय का तुमी?" सगळी बस हसली. मी म्हटलं, "गेनबा, विचलन म्हणजे..." "न्हाई न्हाई, सांगू नका! आज वाचून झालंय माझं!"

एवढ्यावर थांबलं असतं तरी सहन केलं असतं. पण एके दिवशी मी चिंचवड स्टेशनच्या स्टॉपवर उभा, आणि बस येईचना. ऊन वर आलं. फोन काढला, पोर्टल उघडलं, 'बस' टाकलं... आणि समोर कोण? 'विचलन: एक चिंतन'! परत टाकलं. चिंतन! बसचा स्टॉप बदलला होता हो, रस्ता खणलाय म्हणून बस चापेकर चौकातून सुटायला लागली होती, आणि ती सूचना माझ्याच लेखाखाली गाडली गेली होती! रिक्षावाल्याला म्हटलं, चाकण. तो म्हणतो, "काका, तळवड्यापर्यंत सोडतो, पुढचं देव बघंल." अर्धी शिफ्ट अशीच उशिरा आली. लोकांचे खाडे लागले! माझ्यामुळे!

तडक भीमराजकडे गेलो. म्हटलं, "अरे, ते शोधणारा मीच होतो. सगळीकडून मीच." तो हसला! म्हणाला, "सर, हाच तुमचा विनय. पण आकडा खोटं बोलत नाही." अहो, माणूस स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय, आणि विश्वास कुणावर, तर आकड्यावर! आणि हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं कुणी?

मग मी काय केलं? पुन्हा निघालो. स्टोअर्समध्ये टाकलं, 'बस'. क्वालिटीत टाकलं, 'बस'. लाइनजवळ टाकत होतो, तर मागे गेनबा. "काय करताय सर?" म्हटलं, "बस शोधतोय." त्याने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मंग सरका. मीबी हुडकतो." आणि शिट्टी वाजली तसा मागे वळून ओरडला, "ए, या रं समदे! सरांना बस घावंना!" जाताना जो तो 'बस' टाकून जायला लागला, महिनाभर!

रिपोर्ट आला. पहिला नंबर बस. दुसरं कुणी जवळपास नाही. विचलन शून्य, कारण त्या महिन्यात मी एकदाही बघितलं नाही... म्हणजे बघावंसं फार वाटलं, पण नाही बघितलं. आणि मग कळलं, दोन-चारसुद्धा कुणी नव्हतं हो. वॉचमनही नव्हता.

भीमराज हळूच म्हणाला, "सर, आकडा..." मी म्हटलं, "माहीत आहे रे."

आता पोर्टल उघडलं की पहिल्याच पानावर बस. स्टॉप, वेळ, ड्रायव्हरचा नंबर, सगळं. बसमध्ये गेनबा हाक मारून शेजारी बसवतो, खांद्यावर डोकं टाकून झोपतोसुद्धा. आणि ज्ञानविभाग मार्चअखेर बंद. म्हणजे बघा, बस आता अगदी चटकन सापडते... फक्त एप्रिलपासून तिच्यात बसून मी जाऊ कुठे, तेवढं टाकून बघितलं काल.

गेटवरून बघितलं. स्टोअर्समधूनही बघितलं. येत नाही.